दोन फुटांचा गाळा

बेळगावच्या शहापुरात राहणाऱ्या माझ्या शाळेतल्या मराठीच्या सरांकडे परवा जाणे झाले. बैठकीच्या खोलीची एक पूर्ण भिंत त्यांनी पुस्तकांना दिलेली आहे. जमिनीपासून छतापर्यंत लांबच लांब फळ्या, मध्ये फारसे अडथळे नाहीत, आणि त्यांवर सरांनी उभ्या आयुष्यात जमवलेली पुस्तके. त्यांतले एक उंच, कापडी बांधणीचे पुस्तक मी काढायला गेले आणि ते निघेना. रांग घट्ट बसली असेल असे वाटून मी शेजारची पुस्तके बोटांनी सैल केली, तरी ते जागचे हलेना. मान वाकवून पाहिले तेव्हा कळले, की वरची फळी मध्यभागी खाली उतरून त्या पुस्तकाच्या माथ्यावर टेकली होती. सर मागून शांतपणे म्हणाले, "राहू दे की. ते आता निघत नाही. मधली तीन-चार पुस्तकं वाचायची मी सोडून दिलीत." १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन भरले होते, तेव्हा सरांच्या वडिलांनी विकत घेतलेले ते पुस्तक होते. चहा झाला, गप्पा झाल्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या चौकश्या झाल्या. पण घरी परतताना माझ्या मनात दुसरे काहीच नव्हते. ज्या फळीने पुस्तक सांभाळायचे तिनेच ते धरून ठेवावे, आणि वाचणाऱ्या माणसाने हा निसर्गनियम असल्यासारखे मान्य करावे, हे मला सोसेना.

मी तंत्रनिकेतनात बलशास्त्र शिकवते. दर वर्षी तुळईच्या बाकाचे, म्हणजे भाराखाली ती किती वाकते याचे, सूत्र फळ्यावर लिहिते, आणि वर्गातली उदाहरणे पुलांची, स्लॅबची, छपराच्या वाशांची असतात. पुस्तकाची फळी हीदेखील दोन टोकांवर टेकलेली तुळईच असते, आणि तिच्यावरचा भार तर पुलापेक्षाही निर्दय असतो, कारण पुलावरची गाडी निघून जाते आणि पुस्तके रात्रंदिवस तिथेच राहतात. त्या सूत्रातली एक गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. दोन उभ्या फळ्यांमधले अंतर, म्हणजे सुतार ज्याला गाळा म्हणतात तो, दुप्पट केला तर बाक दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही; तो सोळापट होतो. गाळा दुप्पट झाला की पुस्तके दुप्पट मावतात, म्हणजे भार दुप्पट होतो; आणि तेवढाच भार दुप्पट अंतरावर ठेवला तर फळी आठपट वाकते. दोन्ही मिळून सोळा. फळीची जाडी मात्र आपल्या बाजूने उभी राहते, कारण ती दुप्पट केली तर ताठपणा आठपट वाढतो. तरीही हिशेब गाळ्याच्याच बाजूला झुकतो: दोन फुटांसाठी पुरणारी १८ मिलिमीटरची फळी चार फुटांवर तितकीच ताठ हवी असेल, तर तिची जाडी जवळजवळ पावणेदोन इंच करावी लागेल.

पुस्तकांचे वजन किती असते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. डेमी आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंदीच्या कादंबऱ्यांची मीटरभर रांग साधारण २० किलोंच्या आसपास भरते. कोशांचे खंड, चित्रांची पुस्तके, गुळगुळीत कागदावर छापलेले दिवाळी अंक यांची तेवढीच रांग ३५ ते ४० किलोंपर्यंत जाते. मीटरला ३५ किलो धरून चांगल्या प्लायवुडची १८ मिलिमीटर जाड आणि २५० मिलिमीटर रुंद फळी घेतली, तर ९०० मिलिमीटरच्या गाळ्यात ती पहिल्याच दिवशी सुमारे ४ मिलिमीटर वाकते. गाळा ६०० मिलिमीटर केला तर तीच फळी जेमतेम पाऊण मिलिमीटर वाकते. मीटरभर लांबीत अडीच-तीन मिलिमीटरांचा बाक माणसाच्या डोळ्याला जाणवू लागतो, म्हणजे तीन फुटांची फळी पहिल्या दिवसापासूनच वाकलेली दिसणार आणि दोन फुटांची दिसणार नाही. एक फूट कमी केल्याने एवढा फरक पडतो.

आणि हा झाला पहिल्या दिवसाचा हिशेब.

लाकूड सततच्या भाराखाली हळूहळू सरकत राहते. भार तोच, फळी तीच, तरी वर्षामागून वर्षे बाक वाढत जातो आणि कालांतराने पहिल्या दिवसाच्या दीडपट, दुप्पट होतो. भुशाच्या दाबलेल्या बोर्डात तो त्याहूनही जास्त वाढतो, शिवाय त्याचा मुळातला ताठपणाच प्लायवुडच्या निम्म्याच्या आसपास असतो. पण आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडते, जी कोरड्या मुलखातल्या लोकांना इतकी भोगावी लागत नाही. खानापूरपासून बेळगावपर्यंत जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, दारे चौकटीत अडकतात. आणि मार्च-एप्रिलमध्ये तीच दारे फटी दाखवू लागतात. लाकूड एकदा ओलावून फुगते, पुन्हा वाळून आकसते, आणि डोक्यावर भार असताना हे फुगणे-आकसणे झाले की प्रत्येक फेऱ्यात फळी थोडी अधिक खाली उतरते. नुसत्या दमटपणापेक्षा दमट-कोरड्याचा हा फेरा फळीला जास्त थकवतो. सरांच्या फळ्यांनी असे कितीतरी पावसाळे काढले होते. पुढच्या भेटीत मी दोन टोकांमध्ये सुतळी ताणून मध्यभागी अंतर मोजले, तेव्हा ते पाच सूत निघाले, म्हणजे अर्ध्या इंचाहून अधिक. गाळा होता चार फुटांचा.

माझे आजोळ जांबोटीच्या बाजूला. तिथल्या घराच्या मातीच्या भिंती इतक्या जाड होत्या, की खिडकीत मांडी घालून बसता येई. माजघराच्या भिंतीत एक फडताळ होते, त्याला दोन झडपांचे दार आणि आत सागवानी फळ्या. वरच्या फळीवर तांबड्या फडक्यात बांधलेल्या पोथ्या, मधल्या फळीवर पंचांगे, मामाची शालेय पुस्तके आणि कुणीतरी बेळगावहून आणलेली मासिके, आणि खालच्या फळीवर औषधाच्या बाटल्या. दार उघडले की रॉकेल, कडुनिंबाचा वाळका पाला आणि जुना कागद यांचा मिळून एक वास येई. तो मला अजूनही कुठल्याही ग्रंथालयापेक्षा पुस्तकांचा खरा वास वाटतो. ते फडताळ माझ्या आठवणीत कधीही वाकलेले नव्हते. त्याचे श्रेय मी बरीच वर्षे सागवानाला देत असे, आणि सागवान ताठ असते हे खरेच आहे. पण आता विचार करताना लक्षात येते, की मोठे काम भिंतीने केले होते. त्या घराचे सगळे छप्पर भिंतींवर तोललेले होते. अशा भिंतीत रुंद पोकळी ठेवली तर वरचा भार पेलायला तिच्या माथ्यावर जाड तुळई घालावी लागते, म्हणून बांधणारे गवंडी फडताळ दोन-अडीच फुटांपेक्षा रुंद होऊ देत नसत. भिंतीच्या गरजेपोटी फळीचा गाळा आपोआप लहान राहिला. शिवाय फळीची टोके भिंतीतच दडपलेली असल्याने फळी वाकताना ती सहज उचलली जात नसत. टोके पूर्ण जखडलेली असतील, तर सूत्राप्रमाणे बाक पाचव्या हिश्श्यावर येतो. प्रत्यक्षात इतके जखडणे साधत नाही, पण त्यातला काही वाटा तरी पदरात पडतोच.

पुढे सिमेंटचे खांब आणि तुळया आल्या, भिंतीवरचा भार उतरला, भिंती सहा इंचांच्या झाल्या आणि फडताळे गेली. त्यांच्या जागी टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळकडच्या कितीतरी घरांत कडप्प्याची कपाटे आली. भिंतीच्या कोपऱ्यात खाचा पाडून बसवलेल्या काळ्या फरश्यांचे कप्पे आपल्या पिढीने सगळ्यांनीच पाहिले आहेत. कडप्प्याविषयी माझ्या मनात दोन्ही भावना आहेत. दगड लाकडासारखा वर्षानुवर्षे सरकत नाही. चाळीस वर्षांपूर्वी बसवलेला कडप्पा आजही सुतात असतो, आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण दगड वाकून सूचना देत नाही. त्यात नजरेला न दिसणारी चीर असली, तर तो एके दिवशी सरळ तुटतो, आणि एक इंच जाडीची, दहा इंच रुंदीची, मीटरभर लांब फरशी स्वतःच सतरा किलोंची असते. शिवाय पावसाळ्यात तो गार राहतो. गार दगडाला दमट हवेतले पाणी धरते, आणि पुस्तकांच्या खालच्या कडा कधी फुगल्या ते कळतही नाही. भांड्यांसाठी कडप्पा उत्तम. पुस्तकांसाठी निवडायची वेळ आली तर मी लाकडाच्याच बाजूने उभी राहीन, कारण वाकणारी वस्तू निदान वेळेवर बोलते.

सरांच्या फळ्या मात्र वडगावच्या ज्या सुताराला मी दाखवायला नेले, त्यांनी त्या पाहताक्षणी हात लावण्याआधीच सांगितले, "अक्का, माल चांगला हाय. गाळा चुकलाय." पुढे ते बराच वेळ फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मग त्यांनी मला प्लायच्या पृष्ठावरच्या रेषा दाखवल्या. त्या फळीच्या लांबीच्या दिशेने जायला हव्या होत्या, आणि वरच्या दोन फळ्यांमध्ये त्या आडव्या होत्या. आठ बाय चारच्या शीटमधून माल वाया जाऊ नये म्हणून कापणाऱ्याने ते तुकडे आडवे काढले असावेत, कारण चार फुटांची फळी शीटच्या चार फुटांच्या बाजूतून अगदी नेमकी निघते. बाहेरून दोन्ही फळ्या सारख्याच दिसतात, वर सनमायका लागला की ओळखूही येत नाहीत, पण आडव्या रेषांची फळी बरीच लवकर वाकते. ब्लॉकबोर्डात हा फरक आणखी मोठा असतो, कारण त्याच्या आतल्या लाकडी पट्ट्या एकाच दिशेने मांडलेल्या असतात. नवे कपाट करून घेणाऱ्या प्रत्येकाने कारखान्याचा शिक्का पाहण्याइतक्याच काळजीने या रेषा पाहाव्यात, असे मला कळकळीने वाटते. शिक्काही पाहावाच: ओल सोसणाऱ्या प्लायसाठी आयएस ३०३ या भारतीय मानकातली बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारी) प्रत किंवा आयएस ७१० ची मरीन प्रत आपल्या पावसाला योग्य आहे.

दुरुस्तीचा साधा मार्ग सरांना प्रथम पटला नाही. गाळ्याच्या मध्यावर उभी फळी घातली की चार फुटांचे दोन फूट होतात आणि बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो, हे मी कागदावर मांडून दाखवले. सर कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पण रांग तुटेल की." त्यांनी पुस्तके लेखकांच्या काळाप्रमाणे लावली होती. एका टोकाकडून चालत गेले की एक शतक ओलांडून दुसऱ्या टोकाला पोचता येई, आणि मध्ये कुठेही भिंत नसणे हा त्यांच्या दृष्टीने त्या मांडणीचा अर्थ होता. मला त्यांचे म्हणणे समजत होते. लांब, अखंड फळीवर ओळीने उभ्या असलेल्या पुस्तकांकडे पाहताना जो मोकळेपणा वाटतो, तो खरा आहे. आणि तो गमावण्याचे दुःखही खरे आहे. पण ज्या पुस्तकासाठी त्यांच्या वडिलांनी त्या काळी पैसे मोजले, ते हातात घेता येत नाही, ही गोष्ट माझ्यासाठी त्याहून जड होती. मी तसे बोलूनही दाखवले. सरांनी बराच वेळ घेतला, आणि मग स्वतःच एकेक पुस्तक उतरवायला सुरुवात केली.

उभ्या फळ्या घालताना एक काळजी घ्यावी लागते. त्या जमिनीपासून छतापर्यंत एकाखाली एक, ओळंब्यात असाव्या लागतात. केवळ वाकलेल्या फळीखाली आधार दिला आणि त्याच्या खाली काही नसले, तर वरच्या भाराचा मोठा वाटा खालच्या फळीच्या नेमक्या मध्यावर जातो आणि तिला दुप्पट छळतो. सुतारांनी सर्वांत खालच्या कप्प्यापासून सुरुवात केली, प्रत्येक थराला जॅकने हलकेच उचलून आधार बसवला. वर्षानुवर्षांचा बाक पूर्ण गेला नाही. लाकडाने घेतलेला काही आकार कायमचा राहतो. पण फळ्यांनी पुस्तके सोडली. समोरच्या कडेला त्यांनी सागवानाची उभी पट्टीही लावली. ही पट्टी पाहुण्यांना शोभेची वाटते, पण तिचे काम फार मोठे आहे. १८ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर उंच पट्टी उभी धरली, तर तिचा एकटीचा ताठपणा २५० मिलिमीटर रुंदीच्या आख्ख्या फळीच्या दीडपट भरतो, कारण ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. फळीच्या मागच्या कडेखाली भिंतीला स्क्रूने आवळलेली दुसरी पट्टी असेल, तर निम्मा भार भिंत घेते आणि समोरच्या पट्टीला फक्त उरलेला निम्मा पेलावा लागतो. भिंत चिऱ्याची असेल तर मात्र नेहमीच्या आखूड प्लगवर विसंबू नये. चिरा ठिसूळ असतो, भोक मोठे होत जाते, आणि तिथे लांब प्लग खोलवर बसवावे लागतात.

हे सगळे मी आता इतक्या बारकाईने लिहिते आहे, कारण खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या मुलांनी वाचनालयाची खोली उभी केली आहे आणि भिंतीतल्या कपाटाचे रेखाटन माझ्याकडे मागितले आहे. आपल्या भागाला वाचनालयांची परंपरा नवी नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरला संमेलने भरतात, तेव्हा मंडपाबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानांवर शेतावरून थेट आलेली माणसे पुस्तके चाळत उभी असतात. गावच्या वाचनालयात येणारी पुस्तके अशीच एकेक करून येतात: कुणाच्या निवृत्तीच्या निमित्ताने, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ, कुणा शिक्षकाचा सगळा संग्रह. त्यांत कन्नड पुस्तकेही असतात, कारण घरातली निम्मी मुले त्या माध्यमात शिकतात. म्हणून आजच्या पुस्तकांचे वजन धरून कपाट आखणे पुरत नाही. ते पूर्ण भरलेले आहे असे समजूनच आखावे लागते. आणि भरलेल्या कपाटातही पुस्तके येत राहतात, ती मग दुसऱ्या रांगेत मागे जातात. फळी बारा इंच खोल असली की हे हमखास होते, भार दुप्पट होतो आणि मागचे पुस्तक विस्मरणात जाते.

मुलांनी काढलेल्या कच्च्या चित्रात चार-चार फुटांचे दोनच गाळे होते, आणि फोटोत ते सुंदर दिसले असते यात शंका नाही. मी ते चार केले. शीटचा हिशेब मांडला तेव्हा मला फार समाधान वाटले. आठ बाय चारचे शीट लांबीच्या दिशेने चिरले, तर करवतीची वाट सोडून साडेनऊ इंचांच्या पाच पट्ट्या निघतात, आणि प्रत्येक पट्टीचे दोन फुटांचे चार तुकडे होतात. एका शीटमध्ये वीस फळ्या, सगळ्यांच्या रेषा लांबीच्या दिशेने, आणि कचरा जवळजवळ नाही. साडेनऊ इंचांत कोशाचा खंड मावतो, पण डेमीच्या दोन रांगांना अकरा इंच लागतात, त्यामुळे दुसरी रांग बसतच नाही. दुसऱ्या शीटमधून पाच उभ्या फळ्या निघतात, चार गाळ्यांना नेमक्या तेवढ्याच लागतात. सहाव्या थरासाठी, माथ्यासाठी आणि तळाच्या बैठकीसाठी तिसरे शीट धरले आहे. उभ्या फळ्यांमध्ये सहा-सहा मिलिमीटरच्या खाचा, समोर सागवानाची दोन इंची पट्टी, मागे भिंतीपासून इंचभर हवा खेळती, कारण ती भिंत पश्चिमेची आहे आणि पाऊस तिच्यावरच येतो. पूर्ण भरल्यावर हे कपाट साडेचारशे किलोंच्या घरात पुस्तके धरील आणि सगळा भार पाच उभ्या फळ्यांतून जमिनीत जाईल, म्हणून फरशीखालचा भराव नीट ठोकून घ्यायला सांगितले आहे.

वाचनालयाच्या कमिटीतल्या एकाने विचारले, की तिसऱ्या शीटचे पैसे वाचवता येणार नाहीत का. माथ्याची फळी सध्या नसली तरी चालेल, असे मी कळवले आहे. पट्टीही जंगली लाकडाची चालेल, ते चांगले वाळलेले असले म्हणजे झाले. उभ्या फळ्या मात्र पाचच्या चार करू नका, एवढे त्या पत्रात मी अधोरेखित केले.